बिनमिठाचा भात

आमच्या घरच्या ग्रुपवर रोज सकाळी माझा आलेख येतो. माझा म्हणजे माझ्या अंगातल्या कॉर्टिसोलचा. पुण्याहून माझा मुलगा अमोघ तो टाकतो आणि खाली लिहितो, ‘मम्मी आजपण एकदम शांत!’ मग भाचे, पुतणे, सांगलीची जाऊ, सगळे अंगठे दाखवतात. जाऊबाई तर वर फुलांचा गुच्छही टाकते. आता मला सांगा, माझ्या अंगात काय किती पाझरतंय याच्याशी जावेचा काय संबंध? मी मागते का कधी तिच्या पित्ताचा आलेख?

आणि शांत कसली डोंबलाची! मी गळून गेले होते. ओरडायला अंगात जीव नव्हता म्हणून गप्प होते. पण सांगणार कुणाला? आलेख खाली म्हणजे मम्मी सुखात, असं सगळ्यांनी मिळून ठरवूनच टाकलं होतं.

मी रजनी खराडे. मिरज आगारात कंडक्टर होते. मी नोकरीत होते तेव्हा तिकीट कागदाचं निघायचं आणि गाडी डिझेलवर चालायची, यावरून माझं वय काय ते समजा. खच्चून भरलेल्या गाडीत मागच्या टोकाला उभी राहून ड्रायव्हरला आवाज देणारी बाई मी. बिनतिकिटाचा माणूस मला चेहऱ्यावरून कळायचा. तो खिडकीबाहेर फार लक्ष देऊन बघतो.

रिटायर व्हायला थोडं राहिलं होतं तेव्हा मी काळी पडायला लागले. उन्हातली नोकरी, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. पण तळहाताच्या रेषाही काळ्या पडल्या, हिरड्या काळ्या पडल्या. वजन उतरलं, उठलं की डोळ्यांपुढे अंधारी. आणि मिठाचं वेड लागलं. लोणच्याच्या बरणीतला खार मी वाटीत घेऊन प्यायचे. आमचे हे, म्हणजे हणमंतराव, मला म्हणाले, ‘या वयात डोहाळे लागले की काय?’ एक दिवस गाडीतच कोसळले, तेव्हा कुठे डॉक्टर निलोफर पटवेगारबाईंकडे नेलं.

बाईंनी मला आगाराच्या भाषेत समजावलं. मूत्रपिंडं दोन, आणि दोन्हींच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक लहानशी ग्रंथी बसलेली असते. अधिवृक्क ग्रंथी म्हणतात तिला. ती कॉर्टिसोल तयार करते, आणि अंगातलं मीठ धरून ठेवणारा दुसरा एक हार्मोनही. तिला हुकूम सुटतो तो डोक्यातून. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी आहे, ती रक्तातून निरोप पाठवते, की सोडा गाड्या. कॉर्टिसोल पुरेसं झालं की तेच रक्तातून परत मेंदूपर्यंत जातं आणि सांगतं, बास, आता थांबवा. मग हुकूम थांबतो. असं दिवसरात्र चालू असतं आणि आपल्याला पत्ताही नसतो.

‘तुमच्या दोन्ही ग्रंथी टीबीनं खाल्ल्यात,’ बाई म्हणाल्या. ‘वरून हुकूम सुटतोय, सुटतोय, पण खाली आगारात कुणीच नाही. म्हणून वरची ग्रंथी नुसती ओरडतेय. ते तिचं ओरडणं तुमच्या कातडीवर काळं उमटलंय.’

टीबी फुप्फुसाला होतो एवढंच मला ठाऊक होतं. तो असा कुठेतरी आत जाऊन बसेल हे कोणाला माहीत? टीबीचा कोर्स संपला, पण ग्रंथी गेल्या त्या गेल्याच. जन्मभर बाहेरून कॉर्टिसोल घेणं आलं. आधी काही वर्षं गोळ्या होत्या. मग ही चकती आली.

रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी, कमरेच्या वर पाठीला चिकटवायची. केसासारखी बारीक सुई कातडीखाली असते. ती सारखं मोजते आणि लागेल तेवढं कॉर्टिसोल आत सोडते. कंपनीनं तिला काहीतरी इंग्रजी नाव दिलंय. मी तिला पाठराखीण म्हणते.

त्याचं कारण लीलाआक्का, माझी थोरली बहीण. माझ्या लग्नात सासरी पाठराखीण म्हणून तीच आली होती. पहिल्या दिवशी पंगतीला बसले, भात अळणी लागला, पण नव्या घरात मीठ मागायची मला लाज वाटत होती. आक्कानं भर पंगतीत खणखणीत आवाजात सांगितलं, ‘आमच्या रजूला मीठ लागतं, वाढा.’ सासूबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण मीठ आलं. नवरीच्या मनात काय चाललंय हे तिनं सांगायच्या आधी जिला कळतं, ती खरी पाठराखीण.

माझ्या चकतीला नेमकं तेच कळत नव्हतं. खऱ्या ग्रंथीचं कसं, की कानांनी वाईट बातमी ऐकली, मेंदूला समजली, की लगेच हुकूम सुटतो आणि जरा वेळात अंगात कॉर्टिसोल तयार असतं. पाठीवरच्या चकतीला काय कळणार कानांनी काय ऐकलं? छातीची धडधड आणि घाम यांवरून ती अंदाज बांधते, पण तोवर उशीर झालेला असतो. म्हणून तिच्याबरोबर फोनवर बटणं दिली होती. ताप, प्रवास, भांडण, वाईट बातमी. काही घडणार असेल तर घरच्यांनी आधी बटण दाबायचं, मग ती डोस आगाऊ सोडून ठेवते. पटवेगारबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, ‘हिच्यापासून काही लपवू नका. घरात काय चाललंय ते हिला आधी कळलं पाहिजे.’

आता हे आमच्या घरात सांगायचं! आमच्याकडे आजारी माणसाला खरं सांगायची रीतच नाही. सासऱ्यांचे थोरले भाऊ वारले तेव्हा सासरे अंथरुणाला खिळले होते. त्यांना सांगितलं, अण्णा काशीला गेलेत. सासरे शेवटपर्यंत विचारत राहिले, ‘अण्णा अजून कसा आला नाही?’ आणि सगळे आपापल्या पायांकडे बघायचे.

झालं असं, की अमोघनं कुठेतरी वाचलं, कॉर्टिसोल हा तणावाचा हार्मोन आहे. झालं! त्यानं माझा आलेख उघडला, तर सकाळी सकाळी तो उंच चढलेला. ‘उठल्या उठल्या एवढं टेन्शन कशाचं घेतेस गं?’ मी म्हटलं, बाबा, ते तसंच असतं, पहाटे ते चढतं म्हणून तर माणूस अंथरुणातून उठतो. पण आईचं ऐकेल तो मुलगा कसला? कंपनीच्या कागदावर माझा पालक म्हणून त्याचं नाव होतं. साठी उलटलेल्या बाईला पालक! त्यानं ‘शांत घर’ नावाची सोय चालू केली. तिच्यात दोन गोष्टी व्हायच्या. एक, डोसला वरून मर्यादा. दुसरी, माझ्या फोनवर मन अस्वस्थ करणारं जे काही येईल ते आधी पालकाकडे जायचं, आणि त्याला योग्य वाटलं तरच माझ्याकडे.

तेव्हापासून माझ्या फोनवर जगात सगळं छान चाललं होतं. क्रिकेटचा सामना आपण हरलो तर तो सामना झालाच नाही. कांद्याचा भाव मला बाजारात जाऊन कळायचा. शेजारच्या कुलकर्णीबाई दोन दिवस दिसल्या नाहीत, मी विचारलं, तर हे म्हणाले, ‘माहेरी गेल्यात.’ बाई पाय मोडून घरात पडल्या होत्या, मला खिडकीतून त्यांचं प्लास्टर दिसलं. ‘अहो, खोटं कशाला बोललात?’ तर म्हणे, ‘तुला उगीच टेन्शन नको.’ डोकं फिरतं अशानं माणसाचं! आणि डोकं फिरलं म्हणून ओरडावं तर अंगात त्राण नाही. जेवण जाईना, मळमळ, पुन्हा लोणच्याचा खार. हे सगळं मी सांगितलं की उत्तर ठरलेलं. ‘वय झालंय. पण आलेख बघ ना किती छान आहे.’

त्याच सुमारास आक्काचा फोन यायचा बंद झाला.

आक्का जतला राहते. आमचं रोज बोलणं. बोलणं म्हणजे ती भांडायची आणि मी भांडायची. तिचा फोन बंद म्हटल्यावर मी ह्यांना विचारलं. ‘बिघडलाय,’ हे म्हणाले. म्हटलं, तिच्या मुलाला, संग्रामला फोन लावा. ‘तो दौऱ्यावर असतो.’ मग मला जतला सोडा. ‘एवढ्या उन्हात?’ मी म्हटलं, अहो, त्या रस्त्यावर मी उभी हयात उन्हातच काढली. तर हे खिडकीबाहेर बघायला लागले. फार लक्ष देऊन बघत होते.

आणि त्याच वेळी ह्यांचं पोट बिघडलं. रोज म्हणायचे, ‘मला मऊ भात कर, बिनमिठाचा. डॉक्टरनं सांगितलंय.’ कोणत्या डॉक्टरनं, ते सांगत नव्हते. आणि भात घरी खायचा नाही, डब्यात न्यायचा. बागेत मित्रांबरोबर बसून खाणार म्हणे. ज्या माणसानं मला एवढ्या वर्षांत एक दिवस अळणी आमटी माफ केली नाही, तो बिनमिठाचा भात बागेत नेऊन खातो? आणि ह्यांच्या शर्टाला भडंगाचा वास! पण मी भात करत राहिले. उभं राहवत नव्हतं, ओट्याला टेकून करायचे, दोनदा तर खाली लागला. म्हटलं, खरंच पोट बिघडलं असलं तर उगाच पाप नको.

एक दिवस मी बाजारात निघाले. आमच्या मिरजेत दवाखान्यांची काही कमी नाही, चार पावलांवर एकेक. त्यातल्या एका मोठ्या इस्पितळाच्या फाटकापाशी शहाळ्याची गाडी उभी असते. तिथे एक मुलगी मला बघून चटकन गाडीआड झाली. मी म्हटलं, ही तर ईश्वरी, संग्रामची बायको. जतची पोर मिरजेत काय करतेय?

‘ईश्वरी!’

ती बाहेर आली. तिच्या हातात डबा होता. स्टीलचा, झाकणाला पोचा आलेला, आणि वर ठसठशीत नाव घातलेलं, र. ह. खराडे. माझा डबा. सकाळीच मी त्यात भात भरून ह्यांच्या हातात दिलेला.

‘कोण आहे आत?’ मी विचारलं.

‘मावशी, तुम्ही आधी बसा ना. तुम्हाला सांगायचं नाही असं सगळ्यांनी...’

‘ईश्वरी, आत कोण आहे?’

‘आई,’ ती रडायलाच लागली. ‘अतिदक्षता विभागात होत्या. कालच खोलीत आणलं. मावशी, यकृत... डॉक्टर म्हणतात आता काही...’

पुढचं मला ऐकू आलं नाही. म्हणजे ऐकू येत होतं, पण लांबून. आक्का माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर, मी तिच्यासाठी रोज भात रांधतेय आणि मलाच ठाऊक नाही! छाती धडधडली, गार घाम फुटला, पायांतलं बळ गेलं. मी गाडीला धरून खाली बसले. पाठीवर चकती थरथरली. फोनमधून गोड आवाज आला, ‘कमाल मर्यादा पूर्ण झाली आहे. अधिक मात्रेसाठी पालकांची परवानगी मागवली आहे.’

पालक पुण्यात मीटिंगमध्ये!

‘मावशी, शहाळ्याचं पाणी घ्या, बरं वाटेल,’ ईश्वरी माझ्या तोंडाशी शहाळं धरत होती.

‘शहाळं नको गं बाई!’ मी म्हटलं. शहाळ्यात पोटॅशियम असतं आणि ते माझ्या अंगात आधीच साचलेलं असतं. अशा वेळी ते म्हणजे माझ्यासाठी विषच. ‘पर्स दे. माझी पर्स!’

पर्समध्ये मिठाची पुडी असते आणि पेनासारखं कॉर्टिसोलचं एक इंजेक्शन, वेळेला असावं म्हणून. ईश्वरी इंजेक्शन बघून किंचाळली. मी तिच्या हातातून ते ओढून घेतलं, टोपण दातांनी काढलं आणि भर रस्त्यात साडीवरूनच मांडीत खुपसलं. फोन अजून गोड आवाजात सांगत होता की पालकांनी उत्तर दिलेलं नाही.

शुद्ध आली तेव्हा मी त्याच इस्पितळात होते, हाताला सलाईन होतं आणि पटवेगारबाईंचा आवाज येत होता. बाई एरवी फार हळू बोलतात. त्या दिवशी वॉर्डाच्या टोकापर्यंत ऐकू जात होतं.

‘कुणी ही मर्यादा घातली? कुणाला विचारून?’

हे कोपऱ्यात उभे. बाईंच्या हातातल्या फोनवर पुण्याहून अमोघचा चेहरा, पांढराफटक.

‘डॉक्टर, तणावाचा हार्मोन आहे ना तो? म्हणून मी...’

‘घरात आग लागली की बंब येतो,’ बाई म्हणाल्या. ‘बंब दिसतो तिथे आग असते. म्हणून तुम्ही बंबाचं पाणीच तोडलंत. अहो, कॉर्टिसोल ताण आणत नाही. ताण आला की ते धावून येतं. साखर मोकळी करतं, रक्तदाब पडू देत नाही, माणसाला उभं ठेवतं. निरोगी माणसात ते महिनोन्‌महिने चढून राहिलं तर वाईट, तेवढंच तुम्ही वाचलंत. तुमच्या आईकडे ते तयारच होत नाही. चकती देईल तेवढंच. सकाळचा चढ तुम्ही कापलात, वरून मर्यादा घातलीत, आणि कौतुकानं शांत म्हणत राहिलात. त्या शांत नव्हत्या. त्या हळूहळू संपत होत्या.’

अमोघ रडायला लागला. माझा पोरगा रडतोय म्हटल्यावर मला वाईट वाटायला पाहिजे होतं. मला काही वाटलं नाही. मी म्हटलं, ‘तुझा तो गुच्छवाला ग्रुप आधी बंद कर.’

दुसऱ्या दिवशी दुपारी मला उठून बसता आलं. आलेख पूर्वीसारखा झाला होता, मर्यादा गेली होती आणि माझा आवाज परत आला होता. मी म्हटलं, ‘मला आक्काकडे न्या. वरच्या मजल्यावर आहे ना?’

‘आज नको,’ हे म्हणाले. ‘जरा बरं वाटू दे. उगीच टेन्शन...’

‘अहो!’

शेजारच्या खाटेवरची बाई दचकून उठली.

पटवेगारबाई म्हणाल्या, ‘न्या त्यांना. पण आधी बटण दाबा आणि सगळं खरं सांगा, इथेच. वर जाऊन एकदम कळायला नको. चकतीला आणि यांना, दोघींना आधी कळू दे.’

बाई गेल्या. हे माझ्या खाटेवर बसले. फोन हातात घेतला आणि त्या बटणावर बोट नेऊन थांबले. वाईट बातमी. इतक्या दिवसांत ते बटण आमच्या घरात कुणी दाबलेलं नव्हतं.

‘मला जमत नाही रजनी,’ ते म्हणाले. ‘गाडीत कोसळली होतीस, तेव्हा मला आगारातून फोन आला. तिथे पोचेपर्यंत मला वाटत होतं, संपलं सगळं. त्यानंतर तुला काही सांगायचं म्हटलं की माझे हातपाय गळतात. लपवणं सोपं वाटतं.’

‘सोपं तुम्हाला,’ मी म्हटलं. ‘माझी बहीण इथे पडली होती आणि मी घरी बसून तुमच्या पोटाची काळजी करत होते.’

त्यांनी बटण दाबलं. पाठीवर चकती हलकेच गुरगुरली. मग हे बोलले. यकृताचा कॅन्सर, पसरलेला. पोटात पाणी होतं, म्हणून मीठ बंद. इलाज राहिलेला नाही. फार दिवस नाहीत. बोलताना ते पहिल्यांदा माझ्याकडे बघत होते, खिडकीबाहेर नाही. आणि रडत होते. मीही रडले, पण या वेळी पायांतलं बळ गेलं नाही. रडून झाल्यावर उठून उभी राहिले.

‘डबा आलाय का?’ मी विचारलं. ‘आज भात कुणी केलाय?’

‘मी,’ हे म्हणाले. ‘तुझ्याच पातेल्यात केला. जरा लागलाय.’

वरच्या मजल्यावर खोलीच्या दारातच संग्राम आडवा आला. एवढा मोठा घोडा, डोळे लाल झालेले. माझा हात धरून बाजूला घेऊन म्हणाला, ‘मावशी, एक सांगतो, आईला काही माहीत नाही. तिला सांगितलंय कावीळ आहे. तुम्ही पण काही बोलू नका हं. उगीच टेन्शन घेईल.’

काय म्हणावं या माणसांना? ही सगळी एकाच शाळेत शिकलीत की काय?

आक्का भिंतीला टेकून बसली होती. अंग पिवळं, पोट फुगलेलं, हात नुसत्या काड्या. मला बघितलं आणि तिचा चेहरा वेडावाकडा झाला.

‘आहेस होय,’ ती म्हणाली. ‘मला वाटलं गेलीस.’

‘कुठे गेले?’

‘वर. कुठे म्हणजे! रोज विचारतेय, रजू का आली नाही? तर हा संग्राम म्हणतो, मावशी तीर्थयात्रेला गेल्यात. तू आणि तीर्थयात्रा? मी ओळखलं, हे काहीतरी लपवतायत. तुझ्या दुखण्याचं मला ठाऊक नाही का? म्हटलं, गेली माझी बहीण आणि मला सांगत नाहीत.’ तिनं दम घेतला. ‘मग तो डबा आला. घास तोंडात घातला आणि म्हटलं, नाही. आहे. बुडाला लागलेला भात माझ्या रजूशिवाय कोण करणार?’

मी खाटेजवळ गेले.

‘भूक कुठली गं,’ आक्का म्हणाली. ‘बघितलं तरी नको वाटायचं. पण डबा आला की दोन घास खायचे. खाल्ले की कळायचं, आजपण आहेस.’

मी तिच्याजवळ बसले, तिचा हात घट्ट धरला. ह्यांच्या हातातला फोन वाजला. अमोघचा निरोप होता, ‘मम्मीचा आलेख केवढा चढलाय! काय झालं?’ ह्यांनी चष्मा लावला आणि सावकाश लिहून मला दाखवलं, ‘आक्काला भेटतेय. चढू दे.’

आक्का माझ्याकडे बघत होती.

‘रजू, आता तू सांग. हे सगळे कावीळ कावीळ करतात. मी बरी होणार का?’

तिच्या पाठीमागे उभा राहून संग्राम ओठांवर बोट ठेवत होता, मान हलवत होता. आणि सांगायला लाज वाटते, पण ‘होशील की, न व्हायला काय झालं?’ हे वाक्य माझ्या जिभेवर अगदी तयार होतं. किती सोपं होतं ते! मला चीड आली, आणि या खेपेला ती माझी मलाच आली होती.

‘नाही आक्का,’ मी म्हटलं. ‘कावीळ नाही. कॅन्सर आहे. बरी नाही होणार.’

‘मावशी!’ संग्राम ओरडला.

मी तिच्याकडे बघत होते. तिचा श्वास जोरात चालला, मानेवरची शीर उडायला लागली, बोटं माझ्या हातात गार पडली. मग हळूहळू बोटांत ऊब आली आणि पकड घट्ट झाली. तिच्या दोन्ही ग्रंथी शाबूत होत्या. डोक्यातून हुकूम सुटला होता आणि तो जिथे पोचायचा तिथे पोचला होता. सगळे उगीच घाबरत होते. तिच्या अंगात ते सोसायची सगळी सोय होती.

‘मला वाटलंच होतं,’ ती म्हणाली. मग संग्रामकडे वळली. ‘रडू नको. इकडे ये. मला घरी ने. जतला माझ्या खोलीत, माझ्या पलंगावर. इथे मला मरायचं नाही. आणि रजू माझ्याबरोबर येईल.’

‘येणार,’ मी म्हटलं. ‘मी येते तुझ्याबरोबर.’

हे पुढे झाले. मला वाटलं, आता उन्हाचं काढणार. ‘मी गाडी सांगतो,’ ते म्हणाले. ‘आणि प्रवासाचं बटण दाबतो.’

आक्कानं डोळे मिटले, पुन्हा उघडले. ‘डबा आणलाय का?’

ईश्वरीनं डबा उघडून पुढे केला. आक्कानं एक घास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

‘हा तुझा नाही.’

‘ह्यांनी केलाय.’

‘लागलाय बरोबर. पण अळणी गं. इतके दिवस हे असलं खातेय. मीठ का नाही घालत तुम्ही?’

‘आई, डॉक्टरांनी मीठ...’ संग्राम सुरू झाला आणि माझ्याकडे बघून थांबला.

मी पर्स उघडली. मिठाची पुडी काढली, चिमूटभर घेऊन तिच्या भातावर घातलं आणि बोटांनी कालवलं. घास तिच्या तोंडात घातला. तिनं सावकाश खाल्ला.

‘अजून घाल,’ आक्का म्हणाली.

मी घातलं.